नाशकात चांदवडकरांच्या शोधात चार दिवस

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि हात शिवणयंत्राला सरावलेला असल्यामुळे अक्षर ओळ सोडून खाली उतरतं. वाचनालयातल्या सुमनताई म्हणाल्या, "झालं तसं लिहून ठेवा, नाहीतर विसराल." म्हणून लिहिते. दाखवायचं कुणाला ते ठरवलेलं नाही. वाचलं तर माझी धाकटी बहीण वाचेल, ती सुरतेला असते, तिला येता आलं नव्हतं. तिने चुका काढू नयेत.

मनमाड

आमची आई शहाऐंशी वर्षांची आहे आणि माझ्याकडेच असते. तिने आपल्या वडिलांना पाहिलेलं नाही. ती सहा महिन्यांची असताना ते नगरच्या मुक्कामात तापाने गेले. मुक्काम म्हणजे नाटक कंपनीचा. ते संगीत नाटकाच्या कंपनीत होते. मूळ गाव चांदवड, म्हणून कंपनीत त्यांना सदाशिव चांदवडकर म्हणत. घरात त्यांचा एकच फोटो होता, तो आईच्या चुलत्याने पाणी तापवायच्या बंबात घातला. का घातला, हे आजीने कधी सांगितलं नाही. तिला विचारलं की ती एवढंच म्हणायची, "नाशकात अख्खा चातुर्मास मुक्काम होता. तिथं कंपनीचे फोटो काढले होते. त्यांना मुकुट फार शोभायचा." त्यावरून आम्ही सगळ्यांनी धरून चाललं होतं की आजोबा राजाचा पार्ट करायचे.

आईच्या डोळ्याचा पडदा सुकत चालला आहे. उजवा डोळा गेलाच होता. दिवाळीनंतर डॉक्टरांनी डावा तपासला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की हाही फार दिवस साथ देणार नाही. मी आईला काही बोलले नाही, पण तिला कळलं. त्या दिवशी भाकरी खाताना म्हणाली, "समदं बघून झालं माझं. नातवंडं बघितली, पतवंडं बघितली. बापाचं तोंड तेवढं ऱ्हायलं."

तीन-चार दिवस मशिनवर बसले की तेच वाक्य डोक्यात फिरायचं. शेवटी ह्यांना म्हणाले, "नाशकात जुनं वाचनालय आहे म्हणतात. तिथे असेल का काही?" हे रेल्वेतून निवृत्त झालेत, आता घरीच असतात. म्हणाले, "जाऊन ये. आईंचं मी बघतो." मी म्हणाले, "मी एकटी?" तर म्हणाले, "मग काय मी जाऊ? आजोबा तुझे."

सोमवार

एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून रेल्वेवाल्याची बायको असून बसने गेले. पंचवटीत ह्यांची धाकटी बहीण लता राहते, तिच्याकडे पिशवी टेकवली आणि विचारत विचारत वाचनालयात पोचले. जुनी दगडी इमारत, लाकडी जिना, आत शिरल्या शिरल्या पेपर वाचायचं मोठं दालन. तिथे सगळे पुरुष. एवढी माणसं आणि आवाज फक्त पानांचा. आमच्या मनमाडला चार माणसं पेपर वाचायला बसली की दहाजण मोठ्याने मत देतात. इथे कुणी वर मान करून बघतही नव्हतं, आणि तेच मला जास्त अवघड वाटलं.

एका कोपऱ्यात 'महिला विभाग' अशी पाटी होती. तिच्याखाली बाक होता, त्यावर बसले. समोर टेबलाशी एक बाई नोंदी करत होत्या. मनात वाक्य जुळवत होते. माझे आजोबा नाटकात होते. नको, आधी नमस्कार. मग कोणत्या कंपनीत ते विचारतील, ते तर मला माहीत नाही. असं करत दुपार झाली. शिपाई येऊन म्हणाला, "मावशी, कुणाची वाट बघताय का?"

मी म्हणाले, "हो."

तो गेला. संध्याकाळी पुन्हा आला, "मावशी, आलं नाही वाटतं कुणी. आता बंद होतंय." मी पदर सारखा केला आणि उठले.

लताने विचारलं, "काय वहिनी, सापडले का आजोबा?" मी खरं ते सांगितलं. ती कणीक मळता मळता थांबली आणि खाली बसून हसली. "अगं बाई! अख्खा दिवस बसून आलीस? देवळात तरी बसायचं, पुण्य लागलं असतं!"

मंगळवार

सकाळी लताने मला मिसळ खायला नेलं. नाशिककर सकाळी आंघोळ झाली की मिसळीच्या रांगेत उभे राहतात. आमच्याकडे सकाळी कुणी एवढं तिखट खाल्लं तर विचारतील, काल उपाशी झोपला होतास का. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड. पाणी पिऊन पिऊन डोळे लाल झाले. लता म्हणाली, "आता जा. तोंड उघडलंस तर जाळ निघेल, कुणी नाही म्हणणार नाही."

पण तोंड मला उघडावं लागलंच नाही. बाकावर बसायला गेले तर टेबलावरच्या बाई स्वतःच उठून आल्या. "काल दिवसभर तुम्ही इथेच होतात ना? काय हवंय तुम्हाला?" त्या सुमनताई. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. त्यांना मी तुटक तुटक सगळं सांगितलं. आईच्या डोळ्याचंही सांगितलं. त्यांनी पाणी दिलं आणि मला ग्रंथपालांकडे नेलं.

दीक्षित सर सज्जन माणूस, पण घाईत असलेला. म्हणाले, "जुन्या नाटकांची छापील पुस्तकं आहेत आमच्याकडे. फोटो म्हणाल तर एकच अल्बम आहे. सगळ्या कपाटांची यादी झालेली आहे, बाकी काही नाही." तो अल्बम त्यांनी माझ्यासमोर ठेवला. मी एकेक पान उलटलं. मुकुटवाले राजे बरेच होते. मिशीवाले, गदा घेतलेले, एक जण पायात बूट तसेच ठेवून सिंहासनावर बसलेला. खाली नावं छापलेली. चांदवडकर कुठेच नव्हते. दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. चेहऱ्यांवरून ओळख पटेल म्हणावं तर चेहरा मी पाहिलेला कुठे होता?

दुपारी सुमनताईंनी त्यांच्या डब्यातली पोळी मला दिली, मी लताने दिलेला ठेचा त्यांना दिला. त्यांनी विचारलं, "घरी काय करता?"

"नऊवाऱ्या शिवते. शिवलेल्या, घालायच्या. नवरीच्या, लेझीमच्या, शाळेच्या कार्यक्रमाच्या."

"मग तुम्हाला एक गंमत दाखवते," त्या म्हणाल्या. "फोटो नाही सापडला तर नाही, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. आमच्याकडे जुन्या भगिनी मंडळाचे फोटो आहेत. तेव्हाच्या बायका कशा नेसायच्या ते बघा. तुमच्या कामाला येईल."

त्या चांगुलपणाने म्हणाल्या होत्या. मी नको म्हणू शकले नाही. मन कशातच नव्हतं.

तांबड्या फडक्यात बांधलेला गठ्ठा त्यांनी सोडला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले तपकिरी फोटो. वरचे दहा-बारा खरंच मंडळाचे होते. बायका ओळीने उभ्या, दोन्ही खांद्यांवरून पदर, नजर खाली, एकीने तर फोटो काढताना डोळे घट्ट मिटलेले. मला त्यांची दया आली. मीही अशीच उभी राहिले असते.

त्यांच्या खाली आणखी एक जुडी होती. त्यावर चिठ्ठी होती, 'हळदीकुंकू समारंभ'. पहिलाच फोटो पाहिला आणि माझा हात थांबला.

सात बायका. चार उभ्या, तीन बसलेल्या. भरजरी शालू, नथी, बाजूबंद. एकीचा पाय पुढे टाकलेला. एकीने मान वळवून खांद्यावरून मागे पाहिलेलं. आणि सगळ्यांची नजर थेट समोर, बघणाऱ्याच्या डोळ्यात. मी परत वरचे फोटो पाहिले, परत हा पाहिला. मग निऱ्या पाहिल्या.

हे मला नीट सांगता येणार नाही, पण प्रयत्न करते. बाईच्या अंगावर लुगडं कमरेवर थोडं अडतं आणि मग खाली उतरतं. ओचा पोटावर बसतो. शाळेच्या कार्यक्रमात मुलगे लावणीला उभे राहतात, त्यांच्याही नऊवाऱ्या माझ्याकडे येतात. मुलाच्या मापाला मी कमरेत दोन चुण्या जास्त घेते, नाहीतर कापड अडत नाही, सरळ खाली येतं. ह्या सातही जणींचं कापड सरळ खाली आलेलं होतं. नेसणं मात्र असं सुरेख, की मी तीस वर्षं हे काम करते पण तशी निरी मला एकदाही साधली नाही.

ह्या बाया नाहीत, हे मला कळलं. पण बोलायचं कसं? तिथे शिकलेली माणसं. त्यांनी यादी केलेली. मी चौथी. मी तो फोटो हातात धरून बसले. चार वाजले, चहा आला, चहा निवला. सुमनताई म्हणाल्या, "आवडला वाटतं तो?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "ताई, हे पुरुष आहेत."

त्या आधी हसल्या. मग गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, मग ड्रॉवरमधून भिंग काढलं आणि मान वळवलेल्या बाईच्या गळ्यावर धरलं. गळ्यात ठुशीच्या वर कंठाचं हाड पुढे आलेलं होतं. सुमनताई हळूच म्हणाल्या, "अगं आई गं."

बुधवार

दीक्षित सरांना सुमनताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. ते एकदम उठून उभेच राहिले. "शक्य नाही. सुमनताई, तुम्हाला आठवतंय ना, गेल्या वर्धापनदिनाला हेच फोटो आपण लावले होते? 'नाशिकच्या आद्य सुशिक्षित भगिनी' म्हणून! हार घातले होते! एका गृहस्थांनी तर त्यात स्वतःची आजी ओळखली!"

"कुठली?" सुमनताईंनी विचारलं.

"ही. उजवीकडून दुसरी."

सुमनताईंनी भिंग पुढे केलं. "हिच्या मनगटावरचे केस बघा, सर."

सरांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खुर्चीत बसले, पण अजून पटलं नव्हतं. "अहो, पण मागे नावं लिहिलेली आहेत. श्रीमती उर्मिला, श्रीमती मंदाकिनी, अशी नोंद आहे रजिस्टरात."

"श्रीमती मागे लिहिलंय की रजिस्टरात?" सुमनताई म्हणाल्या.

पुठ्ठा उलटा केला. मागे शिसपेन्सिलीने बारीक लिहिलेलं होतं, डावीकडून क्रमाने नुसती नावं. उर्मिला, मंदाकिनी, दासी, चित्रलेखा. श्रीमती कुठेच नव्हतं. ते रजिस्टर लिहिणाऱ्याने आदराने जोडलं होतं. आणि 'दासी' हे त्याने कुणा दासीबाईंचं नाव समजून 'श्रीमती दासी' असंच लिहून ठेवलं होतं. सर ते वाचून आधी लाल झाले आणि मग त्यांना हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाले, "पन्नास वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही हो. पन्नास वर्षं!"

मग त्यांची घाई कुठे गेली कोण जाणे. दार लावून घेतलं, टेबल साफ केलं, आणि आम्ही तिघांनी जुडीतला एकेक फोटो सुटा केला. एकोणीस निघाले. वनातला प्रवेश, दरबार, पेटीवाले आणि तबलजी पुढे बसलेले, एकात सगळी कंपनी पंगतीला बसलेली, अर्धे वाढलेल्या दाढीचे आणि अर्धे अंबाडे घातलेले. दोन फोटो एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये घडी केलेला कागद घातला होता. सरांनी तो सुरीच्या टोकाने उलगडला. खेळाची जाहिरात होती. वरचा भाग वाळवीने खाल्लेला, कंपनीचं नाव आणि नाटकाचं नावही त्यातच गेलेलं. खाली पात्रांची यादी शाबूत होती.

सरांनी वाचायला सुरुवात केली. मी खाली बघत होते. राजा, प्रधान, विदूषक, त्यांच्यापुढे नटांची नावं. राजा कुणी दुसरेच होते. प्रधान दुसरे. पुरुषपात्रं संपली. मी मनात म्हटलं, झालं.

"उर्मिला," सर वाचत होते, "सदाशिव चांदवडकर."

सुमनताईंनी सात जणींचा फोटो माझ्याकडे सरकवला. क्रमाने पहिली, डावीकडे बसलेली. कपाळावरून केसांत गेलेला राणीचा मुकुट, हातात कमळ, मांडीवर निऱ्या पंख्यासारख्या उघडलेल्या. आम्ही राजात शोधत होतो. आजी खोटं बोलली नव्हती.

मला वाईट वाटलं का? प्रामाणिकपणे लिहिते, एक क्षण वाटलं. चुलत्याने फोटो का जाळला ते कळलं. मग मी चेहऱ्याकडे पाहिलं. हनुवटी आईची होती. खालचा ओठ थोडा दुमडून धरायची आईची सवय, तीसुद्धा होती. माझ्या आईने ती कुणाला पाहून उचलली असेल? तिने तर त्यांना पाहिलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तसा सुमनताईंनी फोटो चटकन बाजूला घेतला, मला नव्हे, फोटोला जपून. ते मला आवडलं.

दीक्षित सर उभे राहिले आणि मला नमस्कार केला. मला कुणी असा नमस्कार केला नव्हता. म्हणाले, "ताई, आम्ही ह्यांना चुकीच्या घरात ठेवलं होतं."

मी धीर करून विचारलं, "आईला दाखवायला मिळेल?"

मूळ फोटो बाहेर देता येत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. नक्कल मिळेल, पण त्यासाठी अर्ज लागतो आणि अर्जावर कार्यकारिणीची बैठक. बैठक पुढच्या महिन्यात. ते नियमाचं बोलत होते, त्यांचं चुकत नव्हतं. नेहमीसारखी मी मान डोलावून उठणार होते. उठलेही. दारापर्यंत गेले, कडीला हात लावला, आणि मला आई दिसली, भाकरीचा तुकडा चाचपडत शोधणारी.

मी वळून म्हणाले, "सर, तिचा डोळा बैठकीपर्यंत थांबायचा नाही."

माझा आवाज एवढा मोठा निघाला की दालनातल्या माणसांनी पेपर खाली केले असतील. सरांनी कोरा कागद पुढे केला. "अर्ज लिहा. सही मी करतो. बैठकीत काय सांगायचं ते माझं मी बघेन."

तो अर्ज मी माझ्या हाताने लिहिला. चार ओळी, अर्धा तास. सुमनताई शेजारी बसून होत्या पण त्यांनी एकही अक्षर सांगितलं नाही. सरांनी वाचला, काही दुरुस्त केलं नाही, आणि खाली सही केली.

साधी नक्कल आईला दिसणार नाही, तिला जवळून आणि मोठंच दिसतं, ते मी सांगितलं. मग सुमनताई मला मेन रोडजवळच्या फोटोवाल्याकडे घेऊन गेल्या. तो फोटोवाला वाचनालयात येऊन आपल्या यंत्राने फोटो टिपून गेला आणि आजोबांना एकट्यांना मोठं करून द्यायचं ठरलं, दाराच्या अर्ध्या उंचीएवढं. चौकटीसकट दोन हजार चारशे रुपये. माझ्याजवळ परतीच्या तिकिटाचे पैसे आणि वर दोनशे होते. मी लाजून म्हणाले, लहान करा. सुमनताई म्हणाल्या, "लहान कशाला? मग एवढं बोललात कशाला?" आणि पैसे देऊन टाकले. मी म्हणाले, मी दर महिन्याला चारशे देईन. त्या म्हणाल्या, द्या हो, घाई नाही.

संध्याकाळी गोदावरीवर गेले. लता सोबत होती. भाजीवाल्या पाट्या आवरत होत्या, दोघीजणी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून लुगडी पिळत होत्या, एकीने एक टोक धरलेलं, दुसरीने दुसरं. लता बरंच काही बोलत होती. मी पिळाकडे बघत होते. ह्याच गावात पावसाळाभर रोज कुणीतरी आजोबांचं लुगडं असंच पिळलं असेल, आणि रोज ते स्वतः नेसले असतील.

गुरुवार

चौकट बसमध्ये उभी मावेना. कंडक्टर म्हणाला, "मावशी, दार घेऊन चाललात का?" मी मांडीवर आडवी धरली. पिंपळगावला कांद्याच्या टेम्पोंनी रस्ता अडला होता, तिथे शेजारच्या बाईने कागदाची कड उचलून पाहिलं. म्हणाली, "देवी हाय का?" मी म्हणाले, "घरातलं माणूस आहे." ती म्हणाली, "लय देखणी व्हती." मी हो म्हणाले.

खरी भीती घरी पोचल्यावर वाटली. आई राजा बघायच्या तयारीत होती. शहाऐंशी वर्षं तिने मनात एक मिशीवाला बाप धरला असणार. मी ह्यांना ओट्यावर बोलावून फोटो दाखवला आणि विचारलं, काय करू? ह्यांनी खूप वेळ पाहिला. मग म्हणाले, "तुझ्यापेक्षा चांगलं नेसलेत गं." आणि मग, "दाखव. लपवायचं काम चुलत्याने केलं, तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात आल्यावर आईला खुर्चीत बसवलं. चौकट समोर उभी धरली. आईला समोरचं दिसत नाही, ती मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने बघते. तशी बघत ती वरून खाली आली, खालून वर गेली.

"बाई हाय ही," ती म्हणाली. "कोण?"

"आई, हेच तुझे वडील. राणीचा पार्ट करायचे."

मला वाटलं मी चूक केली. कोंबडी पायात घुटमळत होती, ती हाकलायचंही सुचलं नाही. मग आईने हात पुढे केला आणि चेहऱ्यावर नाही, निऱ्यांवर ठेवला. एकेक निरी बोटाने मोजल्यासारखी करत गेली.

"माझी आय म्हणायची," ती म्हणाली, "मला नेसाया ह्यांनी शिकवलं. लगीन झालं तवा मी नऊ वर्षांची, लुगडं सावरंना, तर ह्यांनी नेसवून दाखवलं. मी तिला म्हणायची, गप गं, थट्टा करती. पुरुषमाणूस कसा शिकवंल?" तिचा हात निऱ्यांवरच होता. "अशीच नेसायची ती. मरेस्तोवर अशीच."

मग तिने मान आणखी वाकवली, डोळा काचेला टेकेल इतकी जवळ गेली आणि चेहरा पाहिला. किती वेळ पाहिला ते मला सांगता येत नाही. माझे हात भरून आले होते तरी मी चौकट हलू दिली नाही. शेवटी म्हणाली, "गात असतील ना? आवाज कसा असंल?"

ह्याचं उत्तर कुठल्याच वाचनालयात नव्हतं. मी म्हणाले, "गोड असेल."

"असंलच," आई म्हणाली.

त्यानंतर

मी फोटो भिंतीवर लावायला निघाले तर आईने विचारलं, केवढ्याला पडला? मी सुमनताईंचं सांगितलं. तशी ती म्हणाली, "मग नको लावू. फिटू दे आधी. बाप उसना आणून भितीला टांगत नाय." मी समजावलं, ह्यांनी समजावलं, ती ऐकेना. फोटो आईच्या खाटेशेजारी भिंतीला टेकवून जमिनीवर उभा ठेवला. रोज ऊन आलं की ती वाकून बघायची. होळीच्या सुमाराला तिने विचारलं, "ऊन आलं का नाय अजून?" तेव्हा ऊन तिच्या मांडीवर होतं.

पाच महिने मी चारशे चारशे पाठवले, शेजारच्या सुनेच्या फोनवरून. सहावा हप्ता स्वतः घेऊन गेले. ह्या वेळी बाकावर बसले नाही, सरळ टेबलाशी गेले. सुमनताईंनी तो गठ्ठा दाखवला. आता फडकं वेगळं आहे, वर 'संगीत नाटक कंपनी, नाशिक मुक्काम' असं लिहिलं आहे, आणि आजोबांचं नाव पूर्ण लिहिलं आहे. ते आजी ओळखणारे गृहस्थ येऊन गेले म्हणे. सगळं ऐकून घेतलं, भिंगातून पाहिलं, आणि म्हणाले, "असू द्या, मला नक्कल द्याच. ह्या आजीची आम्हाला सवय झालीय."

मी चारशे रुपये टेबलावर ठेवले. सुमनताई तसेच पर्समध्ये टाकू लागल्या. मी म्हणाले, "मोजा, ताई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा लावला आणि मोजले.

घरी आले तेव्हा आई जागीच होती, तोंड दाराकडे करून.

"दिले?"

"दिले."

"समदे?"

"सगळे, आई. काही राहिलं नाही."

तिने ह्यांना हाक मारली आणि खिळा ठोकायला सांगितला.